तिसऱ्या ट्यूबच्या आधी

वसंत व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर पाचव्या पुष्पाचा विषय होता ‘जीवनसत्त्वांची कमतरता : समज आणि गैरसमज’. वक्त्या पेशाने पॅथॉलॉजिस्ट. ग्रंथालयाचे सभागृह भरलेले, पुढच्या दोन रांगांत नेहमीची ज्येष्ठ मंडळी, उजवीकडे महिला मंडळ, मागे उभ्याने ऐकणारी कॉलेजची मुले. शाल-श्रीफळ झाले आणि वक्त्यांनी पहिल्याच दमात विषय आपल्याकडे वळवून घेतला. “जीवनसत्त्वांवर बोलायचंच आहे. पण सुरुवात एका अशा तक्रारीपासून करते, जी लॅबमध्ये रोज येते आणि सभागृहात कधीच येत नाही. अंगावरून पांढरं जाणं, खाज, आग. ट्यूब लावली की आठवड्यात बरं. दोन महिन्यांनी पुन्हा तेच.”

चुळबुळ झाली. दुसऱ्या रांगेतले एक गृहस्थ जरा मोठ्यानेच म्हणाले, “हे बायकांच्या कार्यक्रमात घेतलं असतं तर?” वक्त्यांनी हसून विचारले, “काका, साखरेच्या किती गोळ्या चालू आहेत?” “दोन.” “मग अर्ध्या तासाने सांगा, हा कार्यक्रम कुणाचा ते.” हशा पिकला. काकाही हसले. पाठीमागच्या एका बाईंनी मात्र पदराने तोंड झाकून शेजारणीला काहीतरी सांगितले, आणि ती शेजारीण नंतर पूर्ण वेळ टिपून घेत बसली होती.

वक्त्यांचा आग्रह एकच होता आणि संध्याकाळभर तो वेगवेगळ्या वाटांनी येत राहिला. वर्षभरात तिसऱ्यांदा तोच संसर्ग झाला, तर ट्यूब घेण्याआधी तपासणी झालीच पाहिजे. जीवनसत्त्व भरून काढूनही पुन्हा खाली गेले, तर पुढची सुई टोचण्याआधी ते का उतरते हे शोधलेच पाहिजे. वारंवार होणारी बुरशी आणि वारंवार घसरणारे बी-१२ एकाच माणसाच्या फाइलमध्ये भेटतात, तेव्हा दोन्हींचा उलगडा एकत्र करायला हवा. प्रत्यक्षात बुरशीचे औषध एक डॉक्टर देतात, बी-१२ चे दुसरे, साखरेचे तिसरे. आणि तिन्ही कागद एका टेबलावर क्वचितच येतात.

कॅन्डिडा म्हणजे यीस्टच्या कुळातली बुरशी. तिची सर्वांत परिचित जात कॅन्डिडा अल्बिकन्स धडधाकट माणसांच्याही तोंडात, आतड्यांत आणि अनेक स्त्रियांच्या योनिमार्गात मुक्कामाला असते. नुसती असण्याने काही बिघडत नाही. अँटिबायोटिक्सनी शेजारचे उपयोगी जंतू मेले, साखर वाढली, गरोदरपणात संप्रेरके बदलली किंवा स्टेरॉइड सुरू झाले की तिला पसरायला वाव मिळतो. चारपैकी तीन स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. त्यात लाजण्यासारखे काही नाही आणि अस्वच्छतेशी त्याचा फारसा संबंध नाही. उलट साबणाने आतून धुण्याच्या सवयीने त्वचा आणखी चिडते. हा त्रास वर्षभरात तीन किंवा अधिक वेळा झाला, तर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात. जगभरात दरवर्षी सुमारे १३ कोटी ८० लाख स्त्रिया अशा फेऱ्यात असतात, असा अंदाज २०१८ मध्ये ‘लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस’ या नियतकालिकात आला होता.

“आता अवघड गोष्ट,” वक्त्या म्हणाल्या. “आपल्याला वाटतं, हे दुखणं ओळखीचं आहे. ते तितकं ओळखीचं नसतं.” २००२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, ‘मला यीस्टच झालंय’ म्हणून स्वतःहून औषध विकत घेणाऱ्या ९५ बायकांची तपासणी केली गेली. त्यांतल्या जेमतेम एक तृतीयांश बायकांना निव्वळ यीस्टचा संसर्ग होता. बाकीच्यांत कुणाला जिवाणूंचा, कुणाला मिश्र, कुणाला ट्रायकोमोनास या परजीवीचा, तर कुणाला कसलाच संसर्ग नव्हता. दह्याच्या गुठळ्यांसारखा, वास नसलेला स्राव आणि प्रचंड खाज हे कॅन्डिडाचे वर्णन. माशासारखा वास आला तर जिवाणूंचा संशय घ्यायचा. वर्णने पुस्तकात स्पष्ट असतात, शरीरात एकमेकांत मिसळतात. आम्लता मोजणारी कागदाची पट्टी आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेली काच, एवढ्यावर बरेचसे निदान होते. पट्टीवरचा आकडा साडेचारच्या वर गेला की साध्या कॅन्डिडाची शक्यता उतरते. वारंवार होत असेल तर कल्चर लावायचे, कारण कॅन्डिडा ग्लॅब्राटासारखी जात नेहमीच्या औषधाला नीट दाद देत नाही आणि बाई बिचारी तीच गोळी पुन्हा पुन्हा घेत राहते.

दुकानात ‘किट’ मागितले की तीन औषधांचे पाकीट हातात पडते : एक जिवाणूंसाठी, एक ट्रायकोमोनाससाठी, एक बुरशीसाठी. जिथे प्रयोगशाळा पोचत नाही, तिथे लक्षणांवरून औषध देण्याची पद्धत सरकारी कार्यक्रमातही आहे आणि तिला कारण आहे. पण शहरात, लॅबच्या जिन्याखालच्या दुकानात, तेच पाकीट पाचव्यांदा विकले जाते याला कारण नाही. यातले अँटिबायोटिक नको असताना पोटात गेले, तर पुढच्या यीस्टला तेच आमंत्रण ठरते.

इथे डाव्या बाजूने हात वर झाला. औषधविक्रेते होते. “चिठ्ठी मागितली तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं, मॅडम. आम्हालाच का धरता?” आवाजात राग होता. वक्त्यांनी तो मनावर घेतला. “तुम्हाला धरत नाही. बाई डॉक्टरांकडे जायला लाजते, तुमच्याकडे कागदाच्या पुडीत तरी मागते, म्हणजे तिचा विश्वास तुमच्यावर आहे. तिसऱ्यांदा आली की एवढंच म्हणा : ताई, एकदा तपासून घ्या. तुमचं गिऱ्हाईक जाणार नाही.” टाळ्या पडल्या, त्या बहुतेक उजव्या बाजूने.

वारंवार होणाऱ्या संसर्गासाठी ठरलेला उपचार आहे, हेही त्यांनी सांगितले, कारण अनेकींना तो कधी दिलेलाच नसतो. फ्लुकोनाझोलची १५० मिलिग्रॅमची गोळी तीन-तीन दिवसांच्या अंतराने तीनदा, मग आठवड्याला एक याप्रमाणे सहा महिने. गोळ्या चालू असेपर्यंत बहुतेकींना आराम पडतो. थांबवल्यावर साधारण निम्म्या जणींना त्रास पुन्हा होतो. गरोदरपणी ही गोळी टाळून सात दिवसांचे मलम देतात. यकृताचा आजार किंवा इतर औषधे असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातले काहीच करायचे नाही. अनेक जणींत मूळ कारण शोधूनही सापडत नाही, तेव्हा हाच उपचार नेटाने पुरा करावा लागतो. “पण शोधून न सापडणं वेगळं आणि न शोधणं वेगळं,” असे म्हणून त्या जीवनसत्त्वांकडे वळल्या.

जीवनसत्त्वे म्हणजे काय, कोणते कशात असते, हे शाळेत झाले आहे असे सांगून त्यांनी दोन स्लाइड तशाच पुढे सरकवल्या. मागून एक मुलगा म्हणाला, “परीक्षेपुरतं झालंय!” पण त्या थांबल्या नाहीत. त्यांना बी-१२ गाठायचे होते.

बी-१२ वनस्पती बनवत नाहीत. ते जिवाणू बनवतात आणि आपल्याला मांस, मासे, अंडी, दूध यांतून मिळते. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम, म्हणजे डोळ्याला दिसणारही नाही एवढी. यकृतातला साठा काही वर्षे पुरतो, म्हणून कमतरता उशिरा कळते. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने ४४१ निरोगी पुरुषांची पाहणी केली आणि ती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ६७ टक्के पुरुषांचे बी-१२ कमी निघाले. खेडे, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग अशा तीन गटांत सर्वांत वाईट स्थिती मध्यमवर्गाची होती : ८१ टक्के. “म्हणजे ही खुर्च्यांवर बसलेली मंडळी,” वक्त्या म्हणाल्या आणि सभागृह जरा गप्प झाले.

ताटात कमी असणे हे एक कारण झाले. दुसरे कारण पोटातले. बी-१२ एकटे आतड्यातून रक्तात फारसे जात नाही. जठराच्या पेशी ‘इंट्रिन्सिक फॅक्टर’ नावाचे एक प्रथिन सोडतात. नव्या नवरीबरोबर पाठराखीण जावी तसे ते बी-१२ सोबत लहान आतड्याच्या शेवटापर्यंत जाते आणि तिथे त्याला आत पोचवते. पर्निशस ॲनिमियात शरीराचीच प्रतिकारशक्ती जठराच्या या पेशींवर आणि या प्रथिनावर उलटते. मग ताटात मटण असो की मासळी, बी-१२ शरीराबाहेर जाते. टॉमस ॲडिसन या इंग्रज डॉक्टरने १८४९ मध्ये असा पंडुरोग वर्णिला, तेव्हा त्याचा शेवट मृत्यूतच होत असे. १९२६ मध्ये बोस्टनच्या मायनॉट आणि मर्फी यांनी ४५ रुग्णांना रोज भरपूर यकृत खायला घातले आणि माणसे वाचली. १९३४ चे नोबेल त्यावर मिळाले. यकृतातला तो पदार्थ म्हणजे बी-१२, हे १९४८ मध्ये हाती लागले. आज इंजेक्शनने किंवा रोज मोठ्या मात्रेच्या गोळीने रुग्ण नीट जगतात, पण औषध आयुष्यभर घ्यावे लागते. बरे वाटले म्हणून सोडले की काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, मुंग्या, तोल जाणे, विसरभोळेपणा परततो, आणि मज्जातंतूंचे नुकसान दर वेळी भरून येतेच असे नाही.

आणि यीस्टशी याचा काय संबंध? तोंडात संबंध स्पष्ट आहे, असे त्या म्हणाल्या. बी-१२, फॉलिक ॲसिड किंवा लोह कमी पडले की जिभेवरचे अंकुर झिजतात. जीभ लाल, गुळगुळीत होते, तिखट सोसत नाही. ओठांचे कोपरे चिरतात. अशा कच्च्या पडलेल्या त्वचेत कॅन्डिडा सहज बसते. कमतरता खूप वाढली तर पांढऱ्या रक्तपेशींचे कामही मंदावते. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची केंद्रके नेहमीपेक्षा जास्त खंडांची दिसतात, आणि ते चित्र पाहून पॅथॉलॉजिस्ट रक्ताच्या रिपोर्टवर बी-१२ ची शंका लिहितो. लोक बुरशीचे थेंब तोंडात घालत राहतात, कोपरे पुन्हा चिरतात, कारण खालची जमीन दुरुस्त झालेली नसते.

योनिमार्गाबद्दल मात्र त्यांनी स्वतःलाच आवर घातला. “बी-१२ ची सुई घेतली की खालचा संसर्ग थांबतो, असं मी सांगणार नाही. तसा पक्का पुरावा नाही. उद्या कुणी ‘यीस्टवर लाल इंजेक्शन’ म्हणून विकायला लागलं, तर माझं नाव घेऊ नका.” दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तर बहुतेक वेळा त्यांच्यामागे तिसरे काहीतरी असते, आणि ते तिसरे शोधायचे, हा त्यांचा मुद्दा. तो पटवण्यासाठी त्यांनी एक गोष्ट सांगायला घेतली. पाच मिनिटांत सांगते म्हणाल्या. तिने वीस मिनिटे घेतली.

गोष्ट मुंबईची. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणगावातल्या गरोदर बाया भयंकर पांढऱ्या पडत होत्या, बाळंतपणात दगावत होत्या, आणि माता का मरतात याची एक चौकशी परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमधून चालू होती. या बायांच्या लाल पेशी पर्निशस ॲनिमियासारख्याच मोठ्या फुगलेल्या, संख्येने थोड्या. पण हा तो आजार नव्हता. विल्सबाईंनी आधी जंतूंचा संशय घेतला, मग ताटाकडे वळल्या. कुठल्या वस्तीत काय शिजते, कोण काय खाते, याची त्यांनी नोंद केली. गरीब मुस्लिम बायांचे जेवण सर्वांत निकृष्ट आणि पंडुरोगही त्यांच्यातच सर्वांत जास्त, असे दिसले. वक्त्या इथे रंगल्या. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमधली ती प्रयोगशाळा, गिरण्यांचे भोंगे, चाळीच्या एका खोलीत दिवस भरत आलेली बाई, तिची चपाती-चहावर निघणारी दुपार, हे सगळे त्यांनी असे उभे केले की पुढच्या रांगेतल्या एका आजींनी मध्येच सांगितले, “माझी आई त्याच काळात गिरणीत होती.” वक्त्यांनी त्यांना बोलू दिले. आजी डिलाइल रोडविषयी, आईच्या बाळंतपणांविषयी बोलल्या आणि कुणीही घड्याळ पाहिले नाही.

मग उंदीर आले. विल्सबाईंनी त्या बायांसारखेच जेवण गाभण उंदरांना दिले. उंदीर पंडुरोगी झाले. जेवणात यीस्ट मिसळले की तो टळला. निष्कर्ष हातात आला असे वाटत असतानाच कळले की उंदरांना उवा झाल्या होत्या. उवांतून आलेल्या संसर्गानेही रक्त उतरू शकते, म्हणजे पंडुरोग अन्नामुळे की संसर्गामुळे हे सांगता येईना. “बघा,” वक्त्या म्हणाल्या, “एकाच जिवात कमतरता आणि संसर्ग एकत्र आले की शास्त्रज्ञालाही ओळखता येत नाही, कोण कुणामुळे आलं. मग आपण दुकानाच्या काउंटरवर कसं ओळखणार?” विल्सबाईंनी प्रयोग पुन्हा उभा केला, या वेळी माकडांवर. आजारी बायांना त्यांनी मार्माइट दिले. मार्माइट म्हणजे बीअर गाळल्यावर उरलेल्या यीस्टचा काळा, खारट, चिकट अर्क. इंग्रज माणूस तो पावाला लावून खातो. बायांच्या अंगावर काही दिवसांतच लाली दिसू लागली. १९३१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. पर्निशस ॲनिमियाला बरा करणारा शुद्ध यकृत-अर्क या बायांना लागू पडत नव्हता, मार्माइट पडत होते. म्हणजे दोन आजार, दोन वेगळी जीवनसत्त्वे. विल्सबाईंच्या त्या घटकाला १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळे करताना फॉलिक ॲसिड हे नाव मिळाले. आज सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला लोहासोबत मिळणारी गोळी तीच.

यातून एक धडा त्यांनी ठासून सांगितला. रक्त एकसारखे दिसले तरी कमतरता एकसारखी नसते. बी-१२ कमी असताना नुसते फॉलिक ॲसिड दिले, तर हिमोग्लोबिन वर येते, रुग्ण खूश होतो आणि मज्जातंतू आतल्या आत झिजत राहतात. तसेच, थकवा आला म्हणून आधी ताकदीचे लाल इंजेक्शन घ्यायचे आणि मग रक्त तपासायला यायचे, ही पद्धतही चुकीची. सुईनंतर बी-१२ चा आकडा आकाशाला भिडलेला येतो आणि मूळ दुखणे काय होते ते कळायची वाट बंद होते.

एवढ्यात अध्यक्षांची चिठ्ठी आली. अर्धा विषय बाकी होता. वक्त्यांनी चिठ्ठी मोठ्याने वाचली, “दहा मिनिटे,” आणि पाण्याचा घोट घेऊन त्या थेट दुसऱ्या रांगेकडे वळल्या. “काका, तुमच्या दोन गोळ्यांची नावं?” काकांनी खिशातून पत्ते काढले. मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन.

या जोडीवर त्या दहा मिनिटांतली निम्मी गेली, आणि ती योग्य गेली. मेटफॉर्मिन हे उत्तम, स्वस्त औषध. पण मोठी मात्रा आणि बरीच वर्षे झाली की बी-१२ उतरवते. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी २०२२ मध्ये डॉक्टरांना सांगितले की लक्षणे असतील तर बी-१२ तपासा आणि धोका असलेल्यांत अधूनमधून पाहत राहा. डापाग्लिफ्लोझिन आणि त्याच्या भावंडांचे काम वेगळे : ती रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर काढतात. हृदय आणि मूत्रपिंड यांना त्यांचा मोठा फायदा आहे. पण साखरेची लघवी जिथून जाते तिथे यीस्टला खाद्य मिळते, आणि जननेंद्रियांचा बुरशीसंसर्ग कित्येक पटींनी वाढतो, बायकांत जास्त, पुरुषांतही. २०२० मध्ये भारतात डापाग्लिफ्लोझिनच्या पेटंटची मुदत संपली, स्वस्त ब्रँड बाजारात आले आणि ही गोळी घरोघरी पोचली. म्हणजे एकाच डबीत बी-१२ उतरवणारी आणि यीस्टला वाव देणारी अशा दोन गोळ्या शेजारीशेजारी. त्यात ॲसिडिटीसाठी वर्षानुवर्षे चालू असलेली पॅन्टोप्राझोल घाला. जठरातले आम्ल कमी झाले की अन्नातले बी-१२ सुटायला आणखी अडचण.

“बंद करू का मग?” काकांनी विचारले. “अजिबात नाही,” वक्त्यांचा आवाज चढला. “इथून घरी जाऊन कुणीही गोळी बंद केली तर माझं आजचं बोलणं फुकट. डॉक्टरांना सांगा. लघवीनंतर ती जागा धुऊन कोरडी ठेवा. साखर ताब्यात आहे का बघा. त्रास पुन्हा पुन्हा झाला तर गोळी बदलायची की नाही, हे ते ठरवतील. आणि तुमच्या तक्रारीचं नाव घ्यायला लाजू नका.” या वेळी कुणी हसले नाही. काकांनी पत्ते जपून खिशात ठेवले.

तोंडासाठी दोन सूचना घाईने झाल्या. कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवायची. तोंडात ठेवून झोपणाऱ्यांच्या टाळूवर यीस्ट वाढते. दम्याचा स्टेरॉइड पंप घेतला की चूळ भरायचीच. ज्येष्ठांच्या रांगेत जिभा आपोआप दातांवरून फिरल्या.

मग दुर्मीळ आजार, फक्त एक. फिनलंडमध्ये जगाच्या मानाने जास्त आढळणारा, प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटवणारा एक आनुवंशिक विकार आहे; त्याचे जनुक १९९७ मध्ये सापडले. लहानपणीच तोंडात न हटणारी कॅन्डिडा, पुढे कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथी बंद, मग मूत्रपिंडावरच्या ग्रंथी बंद, आणि काहींना पर्निशस ॲनिमिया. ज्या ॲडिसनने हा पंडुरोग वर्णिला, त्यानेच मूत्रपिंडावरच्या ग्रंथींचा आजारही वर्णिला होता. या मुलांत ॲडिसनचे दोन्ही आजार एकत्र भेटू शकतात. २०१० मध्ये कळले की ही मुले बुरशीशी लढणाऱ्या इंटरल्युकिन-१७ या प्रथिनाविरुद्धच प्रतिपिंडे बनवतात. असा रुग्ण आपल्याला बहुधा कधी भेटणार नाही. पण यीस्ट आणि बी-१२ यांच्यामागे एकच मूळ असू शकते, याचा याहून ढळढळीत पुरावा नाही. आणि याहून पुष्कळ सामान्य उदाहरण घरात सापडते : पर्निशस ॲनिमिया असलेल्या व्यक्तीत थायरॉइडचा विकार, कोड आणि पहिल्या प्रकारचा मधुमेह इतरांपेक्षा जास्त आढळतो, आणि मधुमेह न ओळखता राहिला की यीस्ट पुन्हा पुन्हा येते.

एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोघींची गोष्ट मात्र राहून गेली. व्हर्जिनियातल्या एका शेतातल्या मातीतून त्यांनी बुरशीवरचे पहिले उपयोगी औषध मिळवले, १९५० मध्ये ते जाहीर केले, न्यूयॉर्क राज्यावरून त्याचे नाव निस्टॅटिन ठेवले आणि पेटंटचे कोट्यवधींचे उत्पन्न स्वतःकडे न ठेवता संशोधनाला दिले. वक्त्यांनी त्यांचा फोटो पडद्यावर आणला, एवढेच सांगितले आणि वेळ नसल्याची खंत न लपवता पुढे गेल्या.

प्रश्न भरपूर आले. पाव सोडावा का? पावातले यीस्ट वेगळे आणि ते भट्टीत मरते. पाव सोडून कॅन्डिडा जात नाही. दही? खा, त्यात थोडे बी-१२ ही आहे. पण अँटिबायोटिकनंतरचा यीस्टचा त्रास लॅक्टोबॅसिलसने टळतो का, हे ऑस्ट्रेलियात नीट तपासले गेले आणि २००४ मध्ये उत्तर नकारार्थी आले. दही आत लावू नका. इडली आंबवलेली असते, म्हणून तिच्यात बी-१२? भरवशाचे नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या? खरी बायोटिनची कमतरता दुर्मीळ आहे. एक जन्मजात विकार आहे, त्यात बाळाला पुरळ, केसगळती, झटके आणि बुरशीसंसर्गही होतो, आणि रोजच्या बायोटिनने ते बाळ वाचते. केस गळतात म्हणून मोठ्या मात्रेचे बायोटिन घेतले, तर थायरॉइडसारख्या तपासण्यांचे आकडे चुकू शकतात. लॅबमध्ये तसे आधी सांगा. नवऱ्यालाही औषध द्यायचे का? त्याला काही त्रास नसेल तर सरसकट नाही. हा शेवटचा प्रश्न एका तरुण मुलीने माइक हातात घेऊन, सगळ्यांसमोर विचारला.

कार्यवाह आभार मानायला उठले तरी वक्त्या पडदा बंद करू देईनात. शेवटच्या स्लाइडवरच्या ओळी वाचकांसाठी इथे देत आहोत. यीस्टचा त्रास वर्षात तिसऱ्यांदा झाला, किंवा बी-१२ भरून काढल्यावरही पुन्हा उतरले, तर पुढची ट्यूब अथवा सुई घेण्याआधी स्रावाची काच आणि कल्चर करून घ्या, साखरेसाठी एचबीएवनसी तपासा, हिमोग्रामबरोबर लोहासाठी फेरिटिन आणि बी-१२ पाहा, तेही इंजेक्शन घेण्याच्या आधी, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी, मलमांसकट आणि घरगुती औषधांसकट, एका कागदावर लिहा. हे चारही कागद एकाच डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा, हे का होतंय?